संस्थेचं पाऊल

प्रिय अनन्या आणि निषाद,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांच्या नावाचं भवन बांधून झालं का?" मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" असं दोनदा म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. पण उत्तर लांबलचक होतं आणि त्यात मी फारशी शहाणी दिसत नव्हते. आता डिसेंबरात तुम्ही येणार, माळावर जाणार आणि भवन शोधणार. त्याआधी सगळं लिहून कळवलेलं बरं. क्रमानंच लिहिते. माझ्या स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यावर 'मोहरी' असं लिहिलेलं असतं, झाकणावरही आणि डब्यावरही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तर आधी माणिकअण्णा.

गाडी दिसली की माणिकअण्णा आतली माणसं मोजतात. ते जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले, तिकिटांची पिशवी जमा केली, मोजणं तेवढं अंगात राहिलं. एकदा हळ्ळीखेडच्या रस्त्यावर त्यांनी नवरदेवाची फुलांनी सजवलेली कार हात करून थांबवली. "मागं दोन सीट मोकळ्या हायेत, अन् दोन म्हाताऱ्या उन्हात चालायल्यात. बसवा की!" बसवल्या. त्या लग्नाच्या फोटोंत नवरदेवाशेजारी दोन अनोळखी आज्या बसलेल्या आहेत, आणि दोघीही नवरदेवापेक्षा खुशीत दिसतात.

राजेश्वरच्या पुढचा तो लाल मातीचा माळ तुम्ही लहानपणी पाहिला आहे. कमरेएवढं गवत, काळविटं, चंडोल. तो कुणी नांगरू नये, मुरमासाठी खणू नये म्हणून तुमच्या आजोबांनी माळराखण मंडळ काढलं. ते गेल्यावर चिटणीसपद माझ्याकडे आलं आणि मंडळ फार व्यवस्थित चालू लागलं. इतकं व्यवस्थित, की माळाकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. प्रत्येक कार्यक्रमाला फ्लेक्सचा बोर्ड, पाहुण्यांना पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकात गुंडाळलेले गुच्छ. एका वर्षी आम्ही माळावर झाडंसुद्धा लावली. गवत वाचवणारं मंडळ गवत उपटून खड्डे करत होतं, आणि खड्डे एका ओळीत आले आहेत ना, हे मी दोरी धरून तपासत होते.

त्या सुमारास अण्णा सभासद झाले. मला वाटलं, निवृत्त माणूस, वेळ जात नसेल. पहिल्याच पाहणीच्या दिवशी त्यांनी मला गाठलं.

"बाई, किती सीट?"

"आठ."

"अन् गाड्या?"

"चार."

अण्णा प्रत्येक गाडीपाशी जाऊन काचेतून आत बघून आले. आमचे अध्यक्ष अप्पा आपल्या भल्यामोठ्या गाडीत एकटेच बसले होते. तेही जरा सरकून बसले.

मग कलबुर्गीला एक प्रशिक्षण झालं. निसर्ग राखणाऱ्या संस्थांनी स्वतःमुळे होणारं नुकसान कसं कमी करावं, हा विषय. व्याख्यान इंग्रजीत होतं, आणि मला ते कळतं हे दिसावं म्हणून मी पहिल्या रांगेत. परत आल्यावर बैठकीत मी 'कार्बन फूटप्रिंट' या शब्दाचं ऐटीत भाषांतर केलं. म्हणाले, "आपल्या संस्थेचं पाऊल फार मोठं आहे. ते लहान केलं पाहिजे."

सगळ्यांनी अप्पांच्या पायांकडे पाहिलं. अप्पांना अकरा नंबरचा बूट लागतो.

मी सगळ्यांना कागदबचतीचं धोरणही वाटलं. एकोणीस पानं; मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत; वर प्लास्टिकचं कव्हर. अण्णांनी ते हातावर तोलून पाहिलं. "बाई, हा कागद वाचवायलेला कागद हाय का?"

पण 'पाऊल' हा शब्द त्यांना पटला. माझ्यासारखा डोक्यानं नव्हे, थेट पायानं. पुढच्या पाहणीला माळाच्या कडेला त्यांनी आम्हाला थांबवलं आणि जुना कंडक्टरी आवाज काढला. "एकामागं एक! पुढच्याच्या पावलात पाऊल! रांग मोडायची न्हाई!" आठ माणसांचं मिळून एका माणसाचं पाऊल उमटलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. मी अप्पांच्या मागे होते. माझी उंची पाच फूट. अप्पांच्या एका ढांगेत माझ्या दोन बसतात. नऊवारीच्या वयात सहावारी सावरत मी बेडकासारखी उड्या मारत माळ पार केला. मागून अण्णा ओरडत होते, "बाई, मधी टेकू नका! चंडोलाचं घरटं असतंय खाली!"

शब्दाचा अर्थ तसा नाही, हे समजवायला मी दोनदा तोंड उघडलं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच काळविटं आम्हाला बघून पळाली नाहीत. मी तोंड मिटलं.

हळूहळू मंडळ बदललं. चार गाड्या गेल्या आणि आम्ही हुमनाबादला बस बदलून जाऊ लागलो. फ्लेक्स गेले. त्याऐवजी अण्णा बसमध्ये उभे राहून मराठी, कन्नड आणि हैदराबादी उर्दूत कार्यक्रम पुकारतात. लोक येतात, कारण फ्लेक्स कुणाच्या खांद्यावर हात ठेवून "अक्का, येताव का न्हाई?" असं विचारत नाही. पाण्याला घागर आणि दोन तांबे आले. धोरणाची पानं पाठकोऱ्या बाजूनं मी किराणाच्या यादीला वापरते. अजून संपलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र मी सोडायला तयार नव्हते. भवन.

माळाच्या मधोमध, उंचवट्यावर, आजोबांच्या नावाचं. नकाशा मी स्वतः काढला होता. पाटीवरच्या अक्षरांचं वळण मी तीन वेळा बदलून घेतलं होतं. माणूस गेल्यावर त्याचं नाव दिवसातून किती कमी वेळा कानावर येतं, हे तुम्हाला इतक्यात कळायचं नाही. मला ते नाव कुठेतरी दगडात हवं होतं.

अण्णांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "भवन कामून, बाई?"

"लोकांना माळाचं महत्त्व कळावं म्हणून."

"कुठं बसून कळंल?"

"भवनात."

"अन् माळ?"

"खिडकीतून दिसेल."

"पाऊल केवढं म्हणायचं?"

"चाळीस बाय तीस. वाहनतळ वेगळा."

"एवढ्या पावलाचं जनावर म्या बघितलं न्हाई, बाई."

सगळे हसले. माझा पारा चढला. "अण्णा, हे तिकिटं फाडण्याचं काम नाही," मी म्हणाले. आजी कधी टाकून बोलत नाही असा तुमचा समज आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. अण्णा त्यानंतर दोन बैठकांना आले नाहीत.

भूमिपूजनाच्या सकाळी आम्ही बसनं पोचलो. आदल्या दिवशी चुन्यानं चौकोन आखला होता. त्या चौकोनात, पोत्यावर, अण्णा बसले होते.

"अण्णा, उठायलास का न्हाई? मुहूर्त चाललाय!" अप्पा गरजले.

"बाईंना येऊ द्या."

मी गेले. रागात होते, तरी सवयीनं त्यांच्याच पावलांत पाऊल ठेवत गेले.

"उठा, अण्णा."

"उठतो. आदी तुम्ही बसा."

गुडघ्यांची समजूत काढून मी बसले. बसल्यावर गवत डोक्याच्या वर गेलं. अप्पा, मंडळी, रस्ता, काही दिसेना. वारा तेवढा ऐकू येत होता.

"सर हितंच बसायचे," अण्णा म्हणाले.

"कोण सर?"

"आपले सर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की. माझी बी शनिवारीच सुट्टी असायची. त्ये शेंगा आणायचे."

"आणि काय बोलायचात?"

"बोलायचो न्हाई. हप्ताभर त्ये पोरांवर वरडायचे, मी पॅसिंजरवर. हितं दोघं बी गप."

दर शनिवारी तुमचे आजोबा 'पाहणी'ला जात. वहीत तारीख आणि पुढे 'पाहणी झाली', एवढीच नोंद. त्यांच्या पँटला मागच्या बाजूनं चिकटलेली कुसळं मी रात्री चिमट्यानं काढत असे आणि म्हणत असे, "पाहणी उभ्यानं करता येत नाही का?" ते हसायचे. माणिकअण्णांचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"येतो की दर शनिवारी. घरी कोण हाय? पंखा हाय. त्याचा आवाज ऐकत किती बसावं?" त्यांनी एक काडी मोडली. "दुसरीकडं बसून बघितलं, बाई. जमलं न्हाई."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सरांचं नाव मोठं व्हायलंय. मधी मी कामून येऊ?"

"मग आज?"

"आता चुना टाकला की हो."

आजोबा इतकी वर्षं इथे कसे दिसत असतील, याचा मी विचार करत होते. माझ्या नकाशात त्या जागी स्वच्छतागृह होतं.

उठून मी अप्पांना सांगितलं की भूमिपूजन होणार नाही. नारळ तेवढा फोडून सगळ्यांनी खाल्ला. परतीच्या बसमध्ये अप्पांनी हळूच विचारलं, "बाई, मग सरांच्या नावाचं काय?" अजूनही कधीकधी त्या पाटीसाठी जीव हळहळतो, हे खरं आहे.

मंडळाच्या बैठका आता शाळा सुटल्यावर एका वर्गात होतात. शनिवारी अण्णा माळावर असतात. महिन्यातून एकदा मीही जाते. गप्प बसणं मला फार जड जातं, पण शिकते आहे.

तर भवन नाही. माळ आहे, गवत आहे, काळविटं आहेत, आणि उंचवट्यावर दोन माणसं बसतील एवढी दबलेली जागा आहे.