चेंबरभोवती मोर

आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर तुम्ही गळक्या पाइपाचा फोटो टाकलात, की चार मिनिटांत तोच पाइप तुम्हाला परत मिळतो. आता त्याच्या चारही बाजूंनी गुलाबाची वेल चढलेली असते, वरच्या कोपऱ्यात दोन फुलपाखरं असतात आणि खाली नक्षीदार अक्षरांत लिहिलेलं असतं, 'सस्नेह, दि. भालेराव, ए-४०३'. पाइप गळायचा थांबत नाही. पण तो लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागतो.

हे आमचे भालेरावकाका. "फोटो उघडा पाठवू नये," असं त्यांचं ठाम मत आहे. उघडा म्हणजे बिनचौकटीचा. अंगात बनियन घालून दार उघडणाऱ्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं ते बिनचौकटीच्या फोटोकडे बघतात.

येरवड्यात आमच्या चार इमारती आहेत आणि मी त्यांचा सेक्रेटरी आहे. म्हणजे लोकांना जे जे आवडत नाही ते ऐकून घेणारा माणूस. काका सत्तरीचे, उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते. मूळ नकाशावर पातळ कागद ठेवून तो शाईनं गिरवायचा, हे त्यांचं काम. त्यातही आतली गावं, नद्या, टेकड्या सीनियर लोक गिरवायचे आणि भोवतीची चौकट काकांकडे यायची. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं, आणि त्याबद्दल त्यांना जराही खंत नाही. "समास नसला की नकाशा टेबलावरून खाली सांडतो," असं ते मला एकदा म्हणाले. मी मान हलवली.

पुढे मोबाइल आला, मोबाइलमध्ये चौकटींचं अॅप आलं, आणि काकांना निवृत्तीनंतर बढती मिळाली.

त्यांचे नियम कडक आहेत. वाढदिवसाला गुलाब. नोकरी लागली तर सोनेरी दोरी. कुणी गेलं तर बारीक चंदनी पट्टी, बाकी काही नाही. तिथे ते एक फूलसुद्धा जास्तीचं टाकत नाहीत. पण इतर सगळीकडे हात सैल. वीज जाणार असल्याच्या नोटिशीला त्यांनी समयांची चौकट लावली होती. सी विंगमधलं मांजर हरवलं तेव्हा फोटोभोवती पंजांची नक्षी होती. मांजर सापडल्यावर तीच नक्षी त्यांनी सोनेरी करून पाठवली.

बी विंगमधले साठे हे आमच्याकडचे मान्यवर टोमणेबाज. लिफ्टमध्ये कुणी 'नमस्कार' म्हणालं तर "कशाबद्दल?" असं विचारणारे. ते म्हणाले, "परवा मी डासांच्या अळ्यांचा फोटो टाकला. काकांनी कमळं लावली. आता फवारणी करायला जीव होत नाही."

शेवटी तक्रारी वाढल्या आणि मी एक गोष्ट केली, जी मला सांगायला बरं वाटत नाही. वार्षिक सभेनंतरच्या चहाच्या वेळी मी लोकांना काकांकडून प्रत्येकाला वेगळे येणारे मेसेज म्यूट कसे करायचे, म्हणजे आल्याचं कळूच नये, ते दाखवलं. एकेकाचा फोन हातात घेऊन. काका तेव्हा चार पावलांवर उभे राहून सगळ्यांना बिस्किटं वाटत होते.

मग चेंबरचं प्रकरण झालं.

आमच्या गेटासमोर रस्त्यावर ड्रेनेजचं चेंबर आहे. एका सिमेंटच्या ट्रकखाली त्याचं झाकण तुटलं आणि तिथे हातभर खड्डा उघडा पडला. दोन दिवसांनी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सीताबाईंचा पाय त्यात गुडघ्यापर्यंत गेला. मोडला नाही, पण त्या आठवडाभर घरी बसल्या. मी रीतसर तक्रार केली. उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे'. चार दिवसांनी आलं, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. मी खाली जाऊन बघितलं. चेंबर उघडं ते उघडंच. मी पुन्हा तक्रार केली, पुन्हा ती निकाली निघाली. ऑफिसचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे त्यांनी काम चोख केलं.

काकांनी मला काही विचारलं नाही. ते सरळ त्या ऑफिसात गेले आणि आमचा भाग कोण बघतं याची चौकशी केली. लांजेवार नावाच्या ज्युनिअर इंजिनिअर बाई होत्या, नुकत्या बदलून आलेल्या. काका त्यांचा नंबर घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिला फोटो पाठवला. मलाही एक प्रत आली.

मधोमध आमचं चेंबर. भोवती आठ मोर, पिसारा फुलवलेले. खाली मजकूर: 'आदरणीय मॅडम, सोबत चेंबर. आपला दिवस आनंदात जावो.'

मी घाबरून त्यांच्याकडे गेलो. "काका, हे सरकारी काम आहे."

"म्हणूनच," काका म्हणाले. "साधी चौकट लावली असती तर अपमान वाटला असता."

त्यानंतर रोज सकाळी साडेनवाला, ऑफिस उघडायच्या सुमाराला, चेंबर नव्या कपड्यांत हजर. एके दिवशी पणत्या. एके दिवशी बदकं. संक्रांतीला तर मी कपाळाला हात लावला. त्या काळ्या, घाण पाण्यानं भरलेल्या खड्ड्याभोवती हलव्याच्या दाण्यांची गोल नक्षी होती आणि वर लिहिलं होतं, 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. महिना झाला त्या दिवशी रंगीत फुगे.

"फुगे कशाला, काका?"

"त्यांना रोज तेच तेच बघून कंटाळा येत असेल हो."

मी ते तिळगुळाचं चेंबर साठ्यांना दाखवलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, मग खुर्चीत मागे टेकून बसले. "मी पन्नास वर्षं या शहरात टोमणे मारतोय," ते हळूच म्हणाले. "पण गटाराला तिळगूळ देणं मला सुचलं नसतं. हा माणूस इतकी वर्षं आपल्यात राहतो आणि आपल्याला पत्ता नाही."

"अहो साठे, ते मनापासून लावतात."

"तेच तर," साठे म्हणाले. "चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही."

साठ्यांनी तो फोटो आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला पाठवला. तिथून तो कुठे कुठे गेला, देव जाणे. माझ्या मेहुण्यानं मला तो कोथरूडहून पाठवला आणि खाली विचारलं, 'हा महाभाग कोण?'

बुधवारी मी पाण्याच्या टँकरची यादी घेऊन काकांकडे बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

"भालेराव बोलताय का? मी लांजेवार." आवाज तरुण होता आणि थकलेला. "सर, आमच्या ऑफिसात सगळे हसतायत. ते तिळगुळाचं मोठ्या साहेबांच्या फोनपर्यंत पोचलं. मला बोलावून विचारलं त्यांनी. किती टोचाल हो?"

काका गोंधळले. "टोचतंय कुठे, मॅडम? काट्यांची चौकट मी कधीच वापरत नाही. हलव्याची होती ती."

पलीकडे मागे कुणीतरी हसलं आणि दार लोटल्याचा आवाज आला.

"मोर आवडले नाहीत का?" काकांनी काळजीनं विचारलं.

"म्हणजे, सर, तुम्ही हे मनापासून लावता?"

"मग काय? तुम्ही दिवसभर फुटकी गटारं बघणार. लोक तुम्हाला दुसरं पाठवतात काय? म्हटलं, निदान भोवताली तरी काहीतरी बरं दिसावं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी येते मी."

त्या खरंच आल्या. छोटा ट्रक, सहा माणसं, नवीन लोखंडी झाकण आणि खडीचा ढीग घेऊन. आमच्या चारही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. लांजेवारबाई पंचविशीच्या असतील. भर उन्हात हेल्मेट घालून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि झाकणाबरोबर भोवतीचा दहा फुटांचा उखडलेला रस्ताही करून घेतला. शेजारच्या सोसायटीचं चेंबरही हलत होतं, तेही बसवलं. दुपारच्या जेवणापर्यंत काम संपलं. सीताबाई आल्या, झाकणावर एक पाय ठेवला, मग दोन्ही, आणि जरा उभ्या राहिल्या. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

"भालेराव कोण?" लांजेवारबाईंनी विचारलं. त्यांना बहुधा कुणी तिरसट, बारीक डोळ्यांचा माणूस अपेक्षित होता. काका गर्दीतून पुढे झाले, बाईंना नमस्कार केला, आणि सहाही कामगारांना "जरा जवळ या, झाकण दिसू द्या" म्हणत ओळीत उभं केलं. चार मिनिटांनी तो फोटो ग्रुपवर आला. चौकट सोनेरी होती, चारही कोपऱ्यांत ढोल होते, आणि प्रत्येक कामगाराचं नाव खाली लिहिलं होतं. विचारून, शुद्ध.

त्या दिवशी काकांच्या मेसेजखाली त्रेपन्न उत्तरं आली. साठे संध्याकाळी पेढे घेऊन ए-४०३ला गेले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्हालाही थोडं शिकवा." काकांनी त्यांना समजावून सांगितलं की यात टोमणा नव्हता. साठ्यांना ते इतकं आवडलं की ते जिन्यात थांबून पुन्हा हसले. पुढच्या दोन दिवसांत काकांनी निदान वीस जणांना खरं सांगून बघितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. येरवड्यापासून कोथरूडपर्यंत ते शहरातले सर्वांत जहाल गृहस्थ ठरले.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्यूटचं मनात डाचत होतं. काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते एकटेच राहतात. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरा कागद पिनांनी ताणून बसवला होता, आणि शेजारी शाईची बाटली, पट्टी, बारीक टाक, असं सगळं जुनं सामान मांडलं होतं. काका वाकून काहीतरी काढत होते. रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं.

"मोबाइल बिघडला का?" मी विचारलं.

"नाही. अॅपमध्ये भात नाही." त्यांनी मान वर केली नाही. "लांजेवारबाईंचे वडील भंडाऱ्याकडच्या एका गावात पोस्टमन आहेत. या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांचा फोटो पाठवलाय तिनं. म्हणाली, काका, याला चौकट लावून द्याल का? मी विचारलं, त्यांना काय आवडतं? तर म्हणाली, टपाल वाटून झालं की धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जाऊन बसतात. अॅपमध्ये सूर्यफूल आहे, द्राक्षं आहेत. भात नाही."

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्यूटचं सगळं सांगून टाकलं. कसं दाखवलं, किती जणांना दाखवलं.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "बघितल्याच्या निळ्या खुणा येत नाहीत. एवढ्या महिन्यांत कळतंच की."

"मग तुम्ही पाठवत का राहिलात?"

त्यांनी टाक पुसला. "घरात आवाज नसतो हो. कुणाचा तरी फोटो समोर घेतला की तासभर त्याच्याजवळ बसल्यासारखं होतं. याला काय शोभेल, त्याला काय शोभेल." मग म्हणाले, "पण सेक्रेटरी, आजवर मी सगळ्यांना चौकटी आपणहून लावल्या. मागितली कुणी नव्हती. ही पहिली."

त्यांनी पट्टीचं एक टोक धरायला सांगितलं, ते मी धरलं.

दीड तासानं चौकट झाली. काळ्या शाईत, दाणा न् दाणा वेगळा. काकांनी कागदाचा फोटो काढला, मधल्या जागेत पोस्टमनसाहेबांना बसवलं आणि पाठवून दिलं. आम्ही चहा घेतला. काका फोनकडे बघत नाही असं दाखवत होते.

वीसेक मिनिटांनी फोन वाजला. स्पीकरवर दमदार आवाज आला. "भालेराव साहेब का? मी लांजेवार, पोस्टमन. पोरीनं फोटो धाडला. घरचे समदे जमा होऊन पाहून राहिले जी. माह्या जिंदगीत असा फोटो नाही झाला."

"आवडला ना?" काका उठून उभे राहिले होते.

"लय आवडला. पण एक सांगू का, राग नका मानू. तुमचा धान सिधा उभा हाये. दाना भरला का धान वाकते जी. वाकला नाही तं आमी मनतो, पोचट हाये."

मला वाटलं, काका हिरमुसतील. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पेन घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी चेंबरच्या दिवशीही पाहिला नव्हता. एका माणसानं त्यांच्या चौकटीतला दाणा न् दाणा बघितला होता.

"किती वाकतो?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेतोय."