लाल चिठ्ठीचं प्रकरण

सोनटक्केच्या घरी पुस्तकांना चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. कारखान्यात तपासलेल्या मालाला बांधतात तशा, दोऱ्यानं. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे रिजेक्ट. काळेवाडीतल्या त्याच्या दोन खोल्यांत कपाटभर कादंबऱ्या आहेत आणि बहुतेकींच्या गळ्यात लाल चिठ्ठी लोंबतेय. चिठ्ठीवर कारणही लिहिलेलं असतं. ‘नायक पोटापाण्याला काय करतो ते दोनशे पानं कळत नाही.’ ‘सगळी माणसं एकाच तोंडानं बोलतात.’ एका जाडजूड कादंबरीवर नुसतंच ‘वजन जास्त’.

भोसरीच्या एका वर्कशॉपात आम्ही एकोणीस वर्षं बरोबर काढली. तो तपासणीत, मी स्टोअरला. नोकरी सुटली, पण त्याची सवय काही सुटली नाही. एकदा आमच्याकडे जेवायला आला असताना हिनं हौसेनं पुरणपोळी वाढली. यानं ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, “वहिनी, कडा जाड राहिल्यात.” त्यानंतर चार वर्षं हिनं त्याला पुरणपोळी दाखवलीसुद्धा नाही.

असा माणूस स्वतः कादंबरी लिहायला बसला तर काय होणार? अकरा वर्षं झाली. प्रकरण लिहितो, आठ दिवस मुरत ठेवतो, मग स्वतःच तपासतो आणि लाल चिठ्ठी बांधतो. “मापात बसंना राव,” हे त्याचं पालुपद. मी एकदा वैतागून म्हणालो, “अरे, तूच करणार, तूच नापास करणार, मग पुस्तक निघायचं कधी?” तर शांतपणे म्हणाला, “तुला घाई हाय का?”

बसला, असं म्हणालो खरं, पण बसणं त्याला ठाऊक नाही. रविवारी सकाळी सातला आमच्या बिल्डिंगखाली स्कूटरचा हॉर्न वाजतो. “चल, माल बघायला.” माल म्हणजे माणसं. घरात बसून सुचतं म्हणणाऱ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. मग चाकणचा कांदाबाजार, पुनावळ्याला हायवेच्या कडेची टपरी, भोसरीचा बसस्टॉप, अशी आमची वरात निघते. कुठं दहा मिनिटं बूड टेकेल तर शपथ. चहा अर्धा झाला की हा उठलाच. “इथलं झालं.” काय झालं, देव जाणे. माझी जीभ तेवढी भाजलेली असते.

नाटकाला नेलं तर मध्यंतरात बाहेर. “पुढचं कळलं मला,” म्हणाला आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर सगळं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली. नाटक भलतीकडेच संपलं होतं. “मग चुकलं त्यांचं,” सोनटक्के म्हणाला.

संस्कृती हा विषय निघाला की मात्र तो गाडी हळू करतो आणि मागचे लोक आमचा उद्धार करतात. त्याचं म्हणणं एवढंच, की शिफ्ट सुटल्यावर माणूस काय करतो ती त्याची संस्कृती. शिफ्टमध्ये काय, सगळे सारखेच. हे एक मला पटतं. त्याला मी तसं सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

गेल्या वर्षी कधी नव्हे ती बावीस प्रकरणं हिरवी झाली. पुण्यातल्या एका प्रकाशकानं वाचायची तयारी दाखवली. झेरॉक्स काढून पाठवायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथंच मी माती खाल्ली. त्यानं दिलेल्या पिशवीच्या तळाशी लाल चिठ्ठीचं एक प्रकरण होतं. सोनटक्केला ते टाकवत नव्हतं म्हणून तसंच राहिलेलं. झेरॉक्सवाल्यानं मध्ये येतात म्हणून सगळ्या चिठ्ठ्या कापून टाकल्या. मी गठ्ठे आपले रचले आणि ते रिजेक्ट प्रकरण चांगल्या मालात मिसळून रवाना झालं. उभी हयात स्टोअरमध्ये गेलेल्या माणसानं हे करावं!

तीन आठवड्यांनी प्रकाशकाचा फोन आला. कादंबरी बरी आहे, म्हणाले, पण भावाचं ते प्रकरण, तेच खरं पुस्तक. ते असेल तर छापतो, नसेल तर राहू द्या.

सोनटक्केनं मला शिव्या घालायला हव्या होत्या. घातल्या नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

त्या प्रकरणात त्याचा धाकटा भाऊ होता, दिगंबर. लातूरकडच्या गावाहून यानंच त्याला बाविसाव्या वर्षी आणलं आणि आमच्या वर्कशॉपात चिकटवलं. एक दिवस पत्रा कापायच्या प्रेसचा ऑपरेटर आला नाही. माल त्याच दिवशी जायचा होता. सोनटक्केनं भावाला प्रेसवर बसवलं आणि दुसऱ्याच तासाला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दिगंबर गावी परतला. आता पिठाची गिरणी चालवतो. हे सगळं सोनटक्केनं घडलं तसं लिहिलं होतं, स्वतःला कुठंही न वाचवता. मी ते वाचलं आणि दिवसभर मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

“मग याला लाल का?” मी विचारलं.

“मापात काय चूक न्हाई,” तो म्हणाला. “पण ती त्याची बोटं हायत राव. माझ्या पुस्तकासाठी मी कशी वापरू?”

“मग त्यालाच विचार ना.”

पुढं दोन महिने त्यानं माझा जीव खाल्ला. गावी जातो म्हणायचा, तिकीट काढायचा आणि स्टँडवर उभा राहून गाडी सुटू द्यायचा. असं तीनदा झालं. अकरा वर्षांची मेहनत एकीकडे, भाऊ एकीकडे, आणि हा मध्ये येरझाऱ्या घालतोय. शेवटी एकदाचा गेला. चार दिवसांनी स्टँडवरून थेट आमच्याकडेच आला, पिशवी खांद्यावर तशीच.

दोन दिवस म्हणे शेळ्या आणि सोयाबीन यांवरच बोलणं झालं. विषय काढायची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत दिगंबरनंच विचारलं, “दादा, सगळ्या गावात सांगून ठेवलोय मी, दादा पुस्तक लिहायलाय म्हणून. त्यात मी हाय का?”

त्याला बरं वाटावं म्हणून हा म्हणाला, “न्हाई रे.”

दिगंबरनं गिरणी बंद केली. “एवढी वर्षं लिहायलास,” तो म्हणाला, “आन् मी कुठंच न्हाई?”

मग सोनटक्केनं पिशवीतून कागद काढले आणि तिथंच, पिठाच्या डब्यांमध्ये उभं राहून वाचून दाखवले. दिगंबरनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “एक चुकलंय. तू न्हाई बसवलास मला मशीनवर. तू नको म्हणालतास. मीच बसलो. तेवढं नीट कर आन् छाप.”

हे सांगून सोनटक्के माझ्यासमोर उभा राहिला. “तू होतास तिथं, स्टोअरच्या खिडकीत. सांग, काय झालतं?”

मला स्वच्छ आठवत होतं. ‘दिग्या, बस तिथं, दोन तासांचं तर काम हाय,’ हे मी याच्याच तोंडून ऐकलं होतं.

“दिगंबर म्हणतो तसंच झालं,” मी म्हणालो.

“तो पण खोटं बोलायलाय, तू पण,” तो म्हणाला. “दोघं मिळून मला पास करायलाव.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला रडताना पाहिलं. ओठ दाबून, खांदे हलवत रडत होता. मला फार वाईट वाटलं. आणि लाज वाटली, ती त्याच्यासाठी नाही.

“सोनटक्के,” मी म्हणालो, “खरंच लिहायचं असेल तर सगळं लिही. पोरगा नवीन आहे, त्याला प्रेसवर बसवू नको, एवढं म्हणायला मला तोंड होतं. मी नाही म्हणालो. मलाही घाल त्यात. नावासकट.”

त्यानं बाहीनं डोळे पुसले. कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले आणि खिशातलं पेन काढलं.

“तू काय करत होतास खिडकीत?” त्यानं विचारलं.

“हातमोजे मोजत होतो,” मी म्हणालो.