जपानी डाव

सरजाबाईनं धार काढून चरवी चुलीजवळ ठेवली, पण नवऱ्याचा रोजचा गिलास काही भरला नाही.

"औंदाच्या जत्रेत पाठ टेकवून आलात," ती म्हणाली, "तर हे दूध डेअरीला जाईल. तीन सालं झाली, म्हैस तुमच्यापायी राबायलीय अन् तुमी फडात आभाळ बघायलात."

मुंजाजीनं आपला रिकामा गिलास पालथा घातला. पैलवान म्हणून त्याच्या खात्यावर जमा होती ती छाती, मांड्या आणि भूक; कुस्त्या सगळ्या खर्ची पडलेल्या. देवगाव फाट्याचा सिताराम दर जत्रेला त्याला चीत करी. सितारामची रीत सोपी होती. सलामी झाली की तो पालथा पडून पालीसारखा मातीला चिकटायचा. समोरचा ओढून ओढून दमला की एका झटक्यात त्याला उलटवायचा. म्हणजे सगळा धंदा दुसऱ्याच्या भांडवलावर.

त्या हिवाळ्यात नामांतरावरून जिंतूरच्या सडकेवर रास्ता रोको होता. कापूस बघायला आलेल्या एका जपानी पाहुण्याची जीप आडवाटेनं काढली, ती ओढ्याच्या चिखलात रुतली. मुंजाजीनं मागची बाजू खांद्यावर घेऊन ती बाहेर काढली. पाहुणा कमरेत वाकला, पुन्हा वाकला, आणि पिशवीतून चित्रांचं एक जाडजूड पुस्तक काढून त्यानं मुंजाजीच्या हातात ठेवलं. चित्रं कुस्तीची होती. अक्षरं मात्र कोंबडी शाईत पाय बुडवून फिरल्यासारखी.

तालमीत मुंजाजीनं पुस्तक उघडलं. जोडीदार चंद्रभान मान लांब करून बघू लागला.

"नावाची रंगीत जिल्द मागच्या अंगाला लावलीय की! बाइंडर कुठल्याबी देशाचा असो, ध्यान जाग्यावर नसतंय."

पहिल्याच पानावर एक बारकं पोरगं उभं, आणि त्याच्यापुढं डोंगराएवढा गडी उताणा पडलेला. पुढच्या पानांवर पोरानं त्या गड्याला जमिनीवरून खांद्यावर घेतलं, पायांवर उभं केलं, आणि कमरेत वाकून नमस्कार घातला. त्यानंतर मात्र पोराचे दिवस फिरले. ते वाळत गेलं, पाण्याच्या घागरी घेऊन डोंगर चढू लागलं, आणि शेवटी चिखलात पडून रडलं. आजूबाजूची माणसं दात काढत होती.

"ह्यो तर लयच उतरत गेला," चंद्रभान हळहळला.

"आपल्यावाणीच हाय गड्या," मुंजाजी म्हणाला. "पण उचलायचा डाव बघ. ह्योच शिकायचा."

"उचलून उभं केल्यावर पाडायचा कधी?"

"पुढं असंल की. जपानी माणूस सबुरीचा हाय."

सराव सुरू झाला. चंद्रभान पडायचा, कधी उताणा, कधी पालथा, आणि मुंजाजी त्याला उचलून उभा करायचा, मग वाकून नमस्कार. चंद्रभानला हा डाव फार मानवला. कधी कधी तो पडल्या पडल्या घोरायचा. उभा केल्यावर जागा व्हायचा. गावात कुठं कुणाचं पोतं पडलं, शेळी बसली, की मुंजाजीचे हात शिवशिवायचे. एकदा तर देवळापुढं सावलीत आडव्या झालेल्या बन्सीधर गुरवाला त्यानं उभं करून नमस्कार घातला. गुरवानं सवयीनं आशीर्वाद दिला आणि मग शिव्या.

जत्रेचा दिवस आला. फड माणसांनी भरला. पंच होते किशनकाका, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले म्हातारे. हलगी कडाडली. सलामी झाली आणि सिताराम ठरल्याप्रमाणे धपकन पालथा पडून मातीला चिकटला.

मुंजाजीला दुसरे चार डाव येत होते. पण हातांनी डोक्याला विचारलंच नाही. त्यानं सितारामच्या पोटाखाली खांदा घातला, ते सगळं धूड वर घेतलं, पायांवर नीट उभं केलं आणि वाकून नमस्कार घातला.

सिताराम गोंधळला. समोरच्यानं हात जोडल्यावर मारावं कसं? तोही पुटपुटला, "रामराम."

मग हशाचा भडका उडाला. "मुंजाजी, पाव्हण्याला चहाबी पाज!" कुणीतरी ओरडलं. बायांच्या घोळक्यात सरजाबाईनं पदर तोंडावर ओढला. म्हशीचं दूध तिला डेअरीच्या वाटेनं निघालेलं दिसत होतं.

सिताराम चिडून पुन्हा मातीला चिकटला. मुंजाजीनं पुन्हा उचलला, उभा केला, नमस्कार. पुन्हा चिकटला, पुन्हा उभा. वर चैताचं ऊन. सितारामचं भांडवल होतं समोरच्याचा दम; इथं समोरचा सरावानं ताजातवाना आणि पडून-चिकटून स्वतःच्याच छातीचा भाता झालेला.

"अरे, पाड न्हाईतर सोड!" तो धापा टाकत म्हणाला. "ही कोणती तऱ्हा?"

"जपानी हाय," मुंजाजी अदबीनं म्हणाला आणि त्यानं त्याला आणखी एकदा उभं केलं.

सिताराम मटकन बसला, मग हातपाय पसरून सरळ उताणा झाला आणि हात जोडून म्हणाला, "पाया पडतो बाबा, आता उचलू नको!"

मुंजाजी सवयीनं पुढं वाकलाच होता. तेवढ्यात किशनकाकांनी त्याचा हात धरून वर केला. "दोन्ही खांदे मातीला लागले! चितपट!"

दुसऱ्या दिवशी किशनकाका मुद्दाम पुस्तक बघायला घरी आले. चष्मा लावला आणि हाताच्या वळणानं त्यांनी ते उजवीकडून उघडलं. दोन पानं चाळली आणि खो खो हसू लागले.

"अरे मुंजाजी, हे उर्दूवाणी ह्या अंगानं बघायचं! पोरगं आधी रडतंय, मग कष्ट करतंय, नमस्कार घालून कुस्तीला उभं राहतंय, उचलतंय अन् शेवटाला आपटतंय. तू तर जिंकलेली कुस्ती परत देत बसला होतास!"

मुंजाजीचा चेहरा उतरला. सरजाबाई चुलीपासून उठली.

"काका, जे झालं ते झालं. तुमी ह्यांना सरळ शिकवू नका. तीन सालं सरळच लढायले होते."

तिनं गिलास काठोकाठ भरून नवऱ्यापुढं ठेवला. मुंजाजीनं पुस्तक मांडीवर घेतलं. आता कळलेल्या रीतीनं त्यानं ते शेवटापर्यंत पाहिलं. शेवटच्या पानावर तो धिप्पाड गडी उताणा पडलेला होता, आणि त्याच्यापुढं एकही पान नव्हतं.

मुंजाजीला चैन पडेना. त्यानं हळूच पानं मागं फिरवली. गडी मातीतून उठला, खांद्यावर आला, पायांवर उभा राहिला. मग मुंजाजीनं गिलास तोंडाला लावला.