लिनक्सला चालणारं कार्ड

कडा गावात उसाचे ट्रक एवढे उंच भरतात, की रस्त्यावरून गेलेली वायर एक हंगाम टिकत नाही. मल्लिकार्जुनचा फोन आणि नेट घरी, कॉम्प्युटरचं दुकान रस्त्यापलीकडं. वायर ओढून ओढून वैतागलेल्या मल्लिकार्जुननं शेवटी घरी वायरलेसचा डबा बसवला. सोमवारी बारावीचा निकाल नेटवर लागणार होता. मुलगी रुद्राणीचा निकाल आपल्याच दुकानात बघायचा आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचं, हे त्यानं गावभर सांगून ठेवलेलं.

आता दुकानातल्या कॉम्प्युटरला फक्त वायरलेसचं कार्ड हवं होतं. पण त्यावर विंडोजऐवजी होतं लिनक्स, आणि लिनक्सला वाटेल ते कार्ड चालत नाही.

"विंडोज टाक की बे," साडू अर्जुनराव म्हणाला. "माझ्या दुकानात काय बी लाव, चालतंय."

"आन् व्हायरस?"

"त्ये बी चालतंय."

लिनक्सला चालणाऱ्या कार्डाचा नंबर शोधून मल्लिकार्जुननं ते बीडहून आणलं. नवी वस्तू म्हणून बायको उमाबाईनं त्यावर भस्माची तीन बोटं ओढली. कार्ड लावलं, तर ढिम्म. डोकं फोडल्यावर कळलं, खोका तोच, नंबर तोच, पण आतली चिप कंपनीनं गुपचूप बदललेली. अरे, निदान खोक्यावर लिहा की लेकांनो.

"पूजा झालेला माल परत घेत न्हाई," बीडचा दुकानदार म्हणाला.

"अहो, चालत न्हाई म्हणून आणलाय."

"तुमच्या लिनक्सला चालत न्हाई. त्यात कार्डाचा काय कसूर?"

दुसरं कार्ड त्यानं तिथंच उघडून, चिपवरची अक्षरं भिंगानं वाचून घेतलं. घरी मात्र पाठीमागं धरलं.

"कावून लपवायलात?" उमाबाईनं विचारलं.

"भस्म लावू नको. परत करायची पाळी आली तर?"

"भस्म न्हाई लावलं म्हणूनच येईल."

आणि तेही चालेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नेटवर, नेट घरी, कॉम्प्युटर दुकानात. मग कॉम्प्युटर कडेवर घेऊन मल्लिकार्जुन रस्ता ओलांडत राहिला. ड्रायव्हर घरी उतरवायचा, दुकानात लावून बघायचा, चुकला की पुन्हा घरी. "दवाखान्यात चालवलाय का?" लोक विचारायचे.

सोमवारी सकाळी कार्ड एकदाचं लागलं. दुपारी भरल्या दुकानात रुद्राणीचा निकाल उघडला. पंच्याऐंशी टक्के. मल्लिकार्जुनला भरून आलं.

"आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंग," तो म्हणाला.

रुद्राणीनं कॉम्प्युटरकडं पाहिलं, मग दाढी वाढलेल्या बापाकडं.

"न्हाई बाबा. मी डी.एड. करते, शाळेत शिकवते. फळा कोणत्याबी भिंतीवर चालतो."



"डी.एड.चे फॉर्म कधी निघणारेत?" मल्लिकार्जुननं विचारलं.