आधी घर दाखवा

हौसाआक्का जुना ट्रॅक्टर बघायला गेल्या की ट्रॅक्टरकडे बघत नसत. मालक फडक्यानं बॉनेट पुसून उभा असायचा, मी खाली वाकून तेलाची गळती शोधत असायचो, आणि आक्का त्या माणसाच्या गोठ्यात शिरलेल्या असायच्या. गोठ्यातून परसात, आणि जमलं तर परसातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मालक गोंधळून म्हणायचा, "मावशी, ट्रॅक्टर इकडं आहे."

"ते कुटं पळून चाललंय? आधी घर दाखवा."

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र मुकं असतं, त्याला काय विचारणार? ज्यानं ते वापरलं त्याची रीत बघावी. ज्याच्या घरात विळी जागच्या जागी असते, त्याच्या इंजिनात तेल वेळेवर पडलेलं असतं.

मी मूळचा परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. हायवेपासून दीड किलोमीटर आत आक्कांची वस्ती आहे आणि तिथं त्यांची दहा खोल्यांची चाळ. त्यातल्या सातव्या खोलीत मी राहतो. खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं आधार कार्ड बघितलं नाही, की पगार विचारला नाही. "आईला फोन लाव," म्हणाल्या. मग माझ्या आईशी त्या वीस मिनिटं बोलल्या. तूर कशी आली, गुडघे कसे आहेत, सुनेशी पटतं का. फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "ने सामान आत. तुझ्या आईला हसता येतंय."

आक्कांनी साठी कधीच ओलांडली आहे. नेसायला नऊवारी आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज. कुणी भाडेकरू खोली सोडताना ते विसरून गेला होता. "बोटावर वरवंटा पडला तरी कळत न्हाई," असं त्या कौतुकानं सांगतात. वरवंटा मुद्दाम टाकून बघितला होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता रस्त्याचं सांगतो. आमचा दीड किलोमीटरचा रस्ता मुरमाचा. हायवेवर ट्रॅफिक तुंबलं की कंटेनरवाले आत घुसतात आणि शेतातून आडमार्गानं पलीकडे निघतात. त्यांच्या चाकांनी दोन अशा चाकोऱ्या पडल्या होत्या की पावसाळ्यात त्यात बेडूक संसार थाटत. कंपनीची बस हायवेलाच थांबायची. आम्ही सगळे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन पहिल्या शिफ्टला निघायचो. अर्ज सगळीकडे देऊन झाले होते. एक ऑफिस म्हणायचं रस्ता आमचा नाही, दुसरं म्हणायचं आमचा आहे पण यादीत नाही. आक्का दरवर्षी मुरूम टाकून घ्यायच्या. पण पसरायला भाड्याचा ट्रॅक्टर लागायचा, आणि तो माणूस त्याच्या सवडीनं यायचा. तोवर ढीग पावसानं वाहून जायचा.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "दिगू, तुला इंजनातलं कळतंय का?"

"थोडंफार कळतं, आक्का."

"मग रईवारी माझ्यासंगं चल. आपलाच ट्रॅक्टर घेऊ. मागं पातं लावू आन् रस्ता आपला आपण सारका करू. तू इंजन बघ. बाकीचं मी बघती."

मी म्हटलं, नवा घ्या की, जुन्याच्या नादाला कशाला लागता? तर म्हणाल्या, "नव्याला मातीची सवय न्हाई. ते चार वर्सं आपल्यावरच शिकायचं. जुनं शिकूनच येतंय."

पहिला ट्रॅक्टर माण गावात बघितला. मालकाची जमीन आयटीवाल्यांकडे गेलेली, आणि ट्रॅक्टर बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडीशेजारी उभा. मी चालू करून बघितला. आवाज खणखणीत, धूर नाही, हायड्रोलिक पक्कं. मी खुशीत वळलो तर आक्का गेटबाहेर निघून गेल्या होत्या.

"काय झालं, आक्का?"

"कुत्रं बांधलंय. पाण्याचं भांडं कोरडं हाय."

"पण ट्रॅक्टर उत्तम आहे."

"आसंल. कुत्रंपण उत्तमच हाय."

दुसऱ्या रविवारी मी चाकणच्या रशीदभाईंना बरोबर घेतलं. रशीदभाई तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करतायत. निदान त्यांचं तरी आक्का ऐकतील असं मला वाटलं. आम्ही एका दलालाच्या आवारात गेलो. बारा ट्रॅक्टर ओळीनं उभे, सगळे ताज्या रंगानं चकाकणारे. आक्का आवारात इकडेतिकडे बघत राहिल्या. तिथं गोठा नव्हता, परस नव्हतं, चूलही नव्हती.

त्यांनी दलालाला विचारलं, "ह्यांचे मालक कुटं हायेत?"

"मालकांचं काय करायचंय, मावशी? मालक आता मीच."

"म्हंजी ह्यास्नी मागं-पुढं कुनी न्हाई."

रशीदभाईंनी तेवढ्यात एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली नखानं रंग खरवडला. खाली जाडजूड वेल्डिंग. दुसऱ्याचं तसंच. ते हात पुसत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दिगंबरभाऊ, म्हातारीचं बरोबर आहे. इथं सगळी हाडं मोडलेली आहेत."

त्या दिवसापासून रशीदभाई आक्कांच्या बाजूचे झाले. मी एकटा पडलो.

तिसरा ट्रॅक्टर रशीदभाईंच्या ओळखीचा. मालकाचं नाव तुकातात्या. वय आक्कांएवढंच. मावळातली शेती मुलांनी विकली होती आणि तात्या सांगवीत, चौथ्या मजल्यावर, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. ट्रॅक्टर अजून गावी भाच्याच्या शेडमध्ये होता. मी म्हटलं, आधी गावी जाऊ. आक्का म्हणाल्या, सांगवीला.

फ्लॅटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. सोफा, टीव्ही, नातवाची सायकल. आक्का पाणी प्यायच्या निमित्तानं उठल्या आणि थेट गॅलरीत गेल्या. मागोमाग मीही गेलो. तिथं तुळशीच्या कुंडीमागे एक खुरपं आणि एक कुदळ उभी होती. खुरप्याच्या पात्याला तेलाचा हात दिलेला होता. चौथ्या मजल्यावर, जिथं खुरपायला दोन कुंड्यांपलीकडे काही नव्हतं, तिथं.

बाहेर तात्या रशीदभाईंना ट्रॅक्टरचे दोष सांगत होते. "तिसरा गिअर जरा दम धरून घ्यायचा. थंडीत सकाळी लगेच चालू होत न्हाई. डाव्या मडगार्डाला पोचा हाय, तो माज्याच हातनं, चिंचेवर घातला व्हता."

"तात्या, सगळं तुम्हीच सांगितलं, तर मी काय तपासू?" रशीदभाई म्हणाले.

आक्का येऊन बसल्या. "ठरलं. हाच घ्यायचा."

"थांबा," तात्या म्हणाले. "मी दिला कुटं आजून? तुमी माजं घर बघितलं. आता मी तुमचं बघतो."

आक्कांनी एकदा गॅलरीतल्या खुरप्याकडे बघितलं. "बुधवारी या."

बुधवारी तात्या आले. सांगवीहून दोन बस बदलून हायवेला उतरले आणि तो दीड किलोमीटर मुद्दाम पायी चालून आले. बूट चिखलानं भरले होते. आक्कांनी सकाळपासून चाळीची गटारं दोनदा धुवून घेतली होती. तात्यांनी गोठा बघितला, गाईच्या पाठीवरून हात फिरवला, वैरण मुठीत घेऊन वास घेतला. खोल्यांपुढून फिरले. नळ गळत नाही हे बघून मान हलवली. आक्का त्यांच्यामागे चालत होत्या. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

चाळीच्या टोकाला तात्या थांबले. समोर बांधापलीकडे एक घर आहे. तिकडे जाणारी वाट बाभळींनी झाकली होती आणि मधोमध मोठा खड्डा पडला होता.

"तिकडं कोन ऱ्हातंय?"

"भाऊबंद," आक्का म्हणाल्या.

"बोलनं न्हाई?"

"न्हाई."

"किती वर्सं?"

"अकरा."

तात्या त्या वाटेकडे बघत उभे राहिले. मग "बरं," एवढंच म्हणाले, चहा प्यायले आणि निघाले. ट्रॅक्टर देतो म्हणाले नाहीत आणि देत नाही असंही म्हणाले नाहीत.

तिथं शेवंताकाकू राहतात. आक्कांची धाकटी जाऊ. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्यावरून दोघींच्या नवऱ्यांचं भांडण झालं होतं. भांडणारे दोघंही गेले, भांडण तेवढं मागे राहिलं. दोन्ही घरांना मूलबाळ नाही. वस्तीवर त्या दोघी जावा असूनही एकमेकींचं नाव घेत नसत, आणि आम्ही भाडेकरूसुद्धा ते नाव जपूनच घ्यायचो.

चार दिवस आक्का कुणाशी धड बोलल्या नाहीत. एकदा मी धीर देण्यासाठी म्हटलं, दुसरा ट्रॅक्टर बघू. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं न्हाई रं. त्यो मानूस बरोबर जागी थांबला."

पाचव्या दिवशी तात्यांचा फोन आला. आक्कांनी स्पीकर लावला. "घेऊन जावा," तात्या म्हणाले. "गोठा चांगला हाय. बाकीचं तुमचं तुमी बघा. आन् तिसऱ्या गिअरला घाई करू नका."

रविवारी आम्ही मावळात गेलो. हायड्रोलिक धरतं का बघायला रशीदभाईंनी पातं जोडलं, उचललं, इंजिन बंद केलं आणि मला सोबत घेऊन त्या पात्यावर उभे राहिले. आम्ही दोघं दहा मिनिटं हवेत उभे होतो, पातं बोटभरही खाली आलं नाही. "पास," रशीदभाई म्हणाले. तात्या शेडच्या दारात उभे होते. निघताना त्यांनी मडगार्डावरच्या पोच्यावर एकदा हात ठेवला.

मी चालवत होतो, आक्का मडगार्डावर बसल्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी आलो आणि मी पातं खाली सोडून हायवेकडच्या मोठ्या रस्त्याला लागणार, तेवढ्यात त्यांनी माझा खांदा दाबला.

"इकडं घे."

"आक्का, आधी बसचा रस्ता..."

"बस इतकी वर्सं आली न्हाई. आजून दोन दिस न्हाई आली तर कुनी मरत न्हाई. इकडं."

त्यांचं बोट शेवंताकाकूंच्या वाटेकडे होतं. बाभळी तोडून बाजूला रचलेल्या होत्या. कडेला मुरमाचे दोन ढीग पडले होते. मला वाटलं, तात्यांचं बोलणं लागलं म्हणून हे आता आणवलं. पुढे मुरूमवाल्याला विचारलं तेव्हा कळलं की आक्कांनी ते ढीग त्याला महिन्याभरापूर्वी सांगून ठेवले होते. आम्ही माणला गेलो त्याच्याही आधी.

मी खड्डा भरत होतो. आक्का उतरून कडेला उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "सोमवारी आन् गुरवारी तिला पिंपरीच्या दवाखान्यात न्यावं लागतंय. रिक्षा ह्या वाटंला येत न्हाई. दोघं जन खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापतोर नेत्यात. आषाढात ह्याच खड्ड्यात खुर्ची कलली. पडली ती." त्यांनी बुटानं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं. "मी खिडकीतनं बघत व्हते. माजा पाय उचलला न्हाई, दिगू."

मी तिसरा गिअर टाकला, दम धरून.

पुढे पंधरा दिवसांत मोठा रस्ताही सारखा झाला आणि आता कंपनीची बस चाळीच्या दारात वळते. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या सोमवारचं. माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून मी सकाळी घरीच होतो. नऊ वाजता मोठ्या रस्त्यावर हेलकावे खात एक रिक्षा आली, चाळीपुढून बांधाकडे वळली आणि थेट शेवंताकाकूंच्या ओट्याला लागली. काकूंना घेऊन परत येताना ती आमच्या चाळीसमोर थांबली. आक्का तिथं विनाकारण अंगण झाडत होत्या. तिसऱ्यांदा.

शेवंताकाकूंनी पदर सारखा केला. रिक्षावाल्याकडे बघत विचारलं, "वाट कुनी केली म्हनं?"

"ट्रॅक्टरनं," आक्का झाडूकडे बघत म्हणाल्या.

"बरी झालीया."

"डाव्या अंगाला पानी साचंल आजून."

"मग काढ की."

आक्कांनी झाडू भिंतीला टेकवला. रिक्षात वाकून बघितलं. "एकलीच चाललीस?"

"कोन येनार?"

आक्का माझ्याकडे वळल्या. "दिगू, अकरा वाजता गाईला पानी दाखव." मग सेफ्टी शूजचा एक पाय रिक्षात ठेवून जावेला म्हणाल्या, "सरक तिकडं."

रिक्षा निघाली. मागच्या काचेतून मला दोघींचे पदर दिसत होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे वीतभर जागा. वाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या वळणावर माझ्याकडून उतार जरा जास्त राहिला होता. तिथं रिक्षा कलली आणि दोन्ही पदर एकमेकांना टेकले. पुढे रस्ता सरळ झाला तरी ते तसेच टेकलेले दिसत होते.

त्या वळणाचा उतार मी दुसऱ्या दिवशी काढणार होतो. काढला नाही.