सोयऱ्यांकडे पाठवायच्या चायनीज टोपलीबाबत

कोणतंही काम एकट्या माणसावर सोडलं की ते होऊन जातं, आणि मग त्यावर चर्चा करण्यासारखं काही उरत नाही. आपल्या समाजात ही वेळ सहसा येत नाही, ही समाधानाची बाब आहे. आमच्या ऋतिकाच्या बाबतीत ती अगदी येऊन ठेपली होती. मी वेळेवर पोचलो.

ऋतिका ही माझी भाची. सावद्याला तिच्या वडिलांची, म्हणजे तोतारामभाऊंची, केळीची बाग आहे. मी दीपनगरला वीज केंद्राच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेला तिचा मामा, प्रेमराज. निवृत्त झालो तरी बैठक घेण्याची सवय अंगात आहे. घरात दोन माणसं एकत्र उभी दिसली की मी त्यांना बसवतो.

तर ऋतिकाचा साखरपुडा धुळ्याच्या हितेंद्रशी झाला. मुलगी पाहायला आले तेव्हा मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं होतं, “काय काय करता येतं?” पोरगी म्हणाली, “चायनीज.” आत्याबाई हसल्या. आजकालच्या मुली सगळंच येतं म्हणतात, असं त्या जिना उतरताना बोलल्या, आणि आमच्या जिन्यात बोललेलं वरपर्यंत ऐकू येतं. पुढे दिवाळी आली तेव्हा धुळ्याहून निरोप आला: फराळ आमच्याकडे उतू जातो, सूनबाईला चायनीज येतं म्हणे, तेच पाठवा. याला निरोप म्हणायचं की आव्हान, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ऋतिकानं ठरवलं.

पोरीला चायनीज खरंच येतं, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करतो. जळगावला शिकायला असताना मेहरूणच्या अफरीन नावाच्या मैत्रिणीकडून ती पद्धतशीर शिकली. तिनं घरी नूडल्स लाटल्या, कापल्या, वाळवल्या. लसूण घालून मिरचीचं तेल केलं, शेजवान चटणी केली, व्हिनेगरमध्ये मिरच्या मुरवल्या. सोया सॉसची बाटली, बांबूच्या काड्यांचे जोड, सगळं एका लाल टोपलीत मांडलं, वर चकचकीत कागद, आणि त्यावर छापून आणलेलं कार्ड: ‘खास घरगुती चायनीज’. टोपली इतकी देखणी झाली होती की तिच्यात सुधारणा करणं भागच होतं.

मी बैठक बोलावली. उपस्थित: तोतारामभाऊ, माझी बहीण लताबाई, तोतारामभाऊंच्या थोरल्या बहीण अक्का, आणि मी. (ऋतिकाही खोलीत होती.)

पहिला आक्षेप अक्कांनी घेतला. “सोयऱ्याच्या घरी पहिलीच टोपली, अन् तिच्यात काळं?” सोया सॉस काळा असतो, हे कुणालाच नाकारता येईना. ऋतिका म्हणाली, आपला काळा मसाला चालतो तो? परंतु काळा मसाला आपला आहे, त्यामुळे तो काळा धरत नाहीत. बाटली काढली. तिच्या जागी गुळाची ढेप ठेवली. रंग साधारण जुळतो.

दुसरा मुद्दा मिरची. “मिरची ओवाळून टाकतात गं पोरी, देत नाहीत,” अक्का म्हणाल्या. “दिली का भांडन लागलंच समज.” तोतारामभाऊंना लगेच एक उदाहरण आठवलं, त्यात दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले होते. तेल गेलं, चटणी गेली. जागा रिकामी नको म्हणून मुरंब्याची बरणी ठेवली. (तीही तांबूस. आम्ही मूळ रंगसंगतीला कुठेही धक्का लावला नाही.)

व्हिनेगरची बाटली तोतारामभाऊंनी हुंगली आणि का कोण जाणे माझ्याकडे पाहिलं. मी आंबट पदार्थ नव्या नात्यात इष्ट नाहीत, असं मत दिलं आणि विषय संपवला. तिथे भाऊंनी घरच्या केळीचे वेफर्स कोंबले. पोरगी कुणाच्या बागेतली आहे हे धुळ्याला कळायला नको का?

बांबूच्या काड्यांपाशी अक्कांनी कानावर हात ठेवले. बांबू आपल्याकडे शेवटी कशाला लागतो, ते मी इथे लिहीत नाही. दिवाळीत तर नाहीच. काड्या काढून उदबत्तीचा पुडा ठेवला. उदबत्तीच्या आतही बांबूचीच काडी असते, ही गोष्ट मी निदर्शनास आणली, पण तोवर चहा आला.

राहिल्या नूडल्स. त्यांच्यात गुंता असतो. नव्या संसाराला गुंता कशाला, असं लताबाई म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी काढलं, त्यामुळे मतदानाची गरज पडली नाही. नूडल्सऐवजी शेवया घेतल्या. शेवया म्हणजे नूडल्सच की! फक्त चांगल्या घरातल्या.

“मामा,” ऋतिका म्हणाली, “आता याच्यात चायनीज काय राहिलं?”

मी कार्डाकडे बोट दाखवलं. ते छापून झालेलं होतं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

तेव्हा पोरगी रडली. हमसून रडली. “मले करता येतं, एवढंच त्याईले कळाले पाहिजे होतं,” ती म्हणाली. “आता मी खोटी पडीन. जन्मभर त्या आत्याबाई मले खोटीच समजतीन.” मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. लताबाईलाही वाटलं. तिनं सांत्वन म्हणून टोपलीत बेसनाचे लाडू वाढवले.

भाऊबीज झाल्यावर मी आणि तोतारामभाऊ टोपली घेऊन धुळ्याला गेलो. दिवाणखान्यात सगळं घर जमलं होतं. हितेंद्र कोपऱ्यात उभा होता, हसत होता. पोरगा चांगला आहे. आत्याबाईंनी चकचकीत कागद फाडला. शेवया निघाल्या. गूळ निघाला. लाडू, वेफर्स, मुरंबा, उदबत्ती निघाली. त्यांनी कार्ड वाचलं, पुन्हा टोपलीत पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं. तोतारामभाऊ माझ्या कोपराला धरून बसले होते. एवढी शांतता मी फक्त लेखापरीक्षणाच्या वेळी अनुभवली आहे.

आता धुळ्यासारख्या शहरात, भरल्या घरात, सोयऱ्यांसमोर, ‘मला यातलं काही कळत नाही’ असं पहिल्यांदा कोण म्हणेल? हितेंद्रच्या वडिलांनी बहिणीकडे पाहिलं. बाकीच्यांनीही तिच्याचकडे पाहिलं. आत्याबाईंनी एक शेवई मोडून तोंडात टाकली, डोळे मिटले.

“हाई खरं चायनीज शे!” त्या म्हणाल्या.

झालं! गाड्यावर मिळतं ते चायनीज भेसळीचं, ते बाजारू. खरं असंच सात्त्विक असतं, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. एका काकांना तर चीनमध्ये लोक गूळच खातात, हेही आठवलं. शेवया दुधात शिजवून सगळ्यांना वाट्या फिरल्या. हितेंद्रनंही खाल्ल्या. “पोरीना हातले चव शे,” असा आत्याबाईंनी निकाल दिला, आणि लगेच पुढचंही ठरवलं: लग्नानंतर घरात जे जे कार्य निघेल, त्यात सूनबाईनं हेच चायनीज करायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

निघताना मी हात धुवायला मागे गेलो, तर हितेंद्र गच्चीच्या दाराशी फोनवर होता. “अगं, मला कळलं ना शेवया आहेत ते,” तो सांगत होता. “बोलणार होतो. पण आत्या इतकी खूश होती...” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. मग पोरगा पुन्हा पुन्हा नंबर लावू लागला.

अशा रीतीने कार्य निर्विघ्न पार पडलं. ऋतिका खोटी पडली नाही. आता ती जन्मभर, सणावारी, पातेलंभर गोड शेवया करील, लोक त्याला चायनीज म्हणतील आणि तिच्या हाताचं कौतुक करतील. सध्या ती माझ्याशी बोलत नाही. लग्नाची गडबड असते, मी समजू शकतो.

तुम्ही मघापासून हसताय, ते ठीक आहे. फक्त आता एवढं सांगा: तुमच्या घरच्या शेवटच्या कार्यात ‘तिला काय कळतंय, आपण ठरवू’ असं कोण म्हणालं होतं? नाव सांगायची गरज नाही. मान खाली गेली तरी पुरे, मी उपस्थितांत नोंद घेतो.