विलायतेच्या खांबावर दिवा कैसा लागला
श्रीरेणुकामाता समर्थ. विलायतेच्या एका परगण्यात, कसब्याच्या वेशीस, विजेचा खांब विझला, तो कैसा पेटला, ते वर्तमान खरेखुरे लिहिले असे. वाचणाराने चित्त द्यावे. चहा घेत वाचल्यास सरकारची हरकत नाही.

औसे मुक्कामी राजश्री किशनराव, माजी ग्रामसेवक, मोबाइलबहाद्दर. त्यांची कन्या वर्षाराणी त्या परगण्याच्या शफाखान्यात नर्स. हिवाळी पहाटे तिने बस गाठावी, आणि खांबाखाली मिट्ट काळोख, आणि एके दिवशी काळोखात कोणी इसम मागोमाग चालत आला. तेव्हापासून व्हिडिओ कॉल लावून ती चाले. इकडे औशास ऊन माथ्यावर, आणि राजश्रींच्या हाती पडदा काळाठिक्कर. बुटांचा आवाज तेवढा येई. बूट थांबले की राजश्रींचा श्वास थांबे.

मग किशनरावांनी त्या मुलखाचा भूगोल मागविला. वर परगण्याची परिषद, ती जिल्हा परिषदच. मध्ये तालुक्याची, ती पंचायत समितीच. खाली पॅरिश कौन्सिल, म्हणजे शुद्ध ग्रामपंचायत. वरच्यांनी फर्माविले की खांब मधल्यांचा, मधल्यांनी खालच्यांचा, आणि खालच्यांनी वरच्यांचा. ऐकून राजश्री गहिवरले, की हा परमुलूख नव्हेच, घरचीच अमदानी.

मसलत बसली. हुकूम सुटला की पॅरिशच्या सरपंच मार्गारेटबाई, श्वान घेऊन फिरणाऱ्या, यांचा खांबाखाली जाहीर सत्कार करावा. कारण, दिवा लाविला.

पार्वतीबाई राणीसाहेब भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दिवा लागलाच न्हाई, अन् सत्कार कशाचा करून राहिलाव?"

"आपल्याकडं पाण्याची टाकी कशी आली? आधी सत्कार केला, मंग टाकी आली. गळ्यात हार पडला की माणसाला लाज वाटती."

मग रविवारी, राजश्री व्हिडिओ कॉलवर पाहत असता, वर्षाराणीने मार्गारेटबाईंस फेटा बांधिला, शाल पांघरिली, नारळ दिधला, आणि श्वानासही हार घातला, आणि शेजारपाजार टाळ्या पिटू लागला, आणि बाईंनी डोळे पुसून पुसिले की हे कशाबद्दल. वर्षाराणीने खांबाकडे बोट केले. बाईंनी वर पाहिले, आणि मग

(येथे रेंज गेली. मजकूर गहाळ.)

रेंज आली तो बाई फेट्यासहवर्तमान फोनवर मधल्यांस झाडीत होत्या, आणि वरचे रांगेत होते.

आठवडा लोटला नाही तो शिडीची गाडी आली. दुसरे पहाटे पडदा उजळला, आणि राजश्रींस कन्येचे थंडीने लाल नाक दिसले, आणि मागे मोकळा रस्ता.

"दादा, आता रोज फोन लावायला नको. दिसून राहिलंय सगळं."

राजश्रींनी पडदा डोळ्यांजवळ धरून मागचा रस्ता न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "तिकडं रस्त्याला खड्डे न्हाईत का गं?"

येणेप्रमाणे खांब फत्ते जाहला. तिन्ही दफ्तरे शरण आली. आपले बाजूस एक नारळ कामी आला. हार श्वानाने खाल्ला. खड्ड्यांचा शोध जारी असे. मोर्तब.